कॉलेज टेनिस : कोणत्या संघात, कितव्या क्रमांकावर?

अमेरिकेत ‘कॉलेज टेनिस’ या एकाच नावाखाली दोन टोकांचा खेळ चालतो. फ्लोरिडा विद्यापीठाचा बेन शेल्टन मे २०२२ मध्ये आंतरविद्यापीठ एकेरीचा विजेता झाला आणि पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळत होता. हे एक टोक. दुसऱ्या टोकाला एखाद्या लहानशा कॉलेजच्या संघात सहाव्या क्रमांकावर असा मुलगा खेळत असतो, की पुण्या-मुंबईच्या क्लबातल्या चांगल्या हौशी खेळाडूला तो हरवेलच याची खात्री देता येत नाही. दोघेही कॉलेज टेनिसचेच खेळाडू. म्हणून ‘कॉलेज टेनिससाठी किती चांगले खेळावे लागते’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. कोणत्या संघात आणि त्या संघात कितव्या क्रमांकावर, असे विचारले की उत्तर बऱ्यापैकी नेमके मिळते.

संघांची उतरंड आधी समजून घ्यावी लागते. एनसीएए ही सर्वांत मोठी संघटना. तिचे डिव्हिजन १, २ आणि ३ असे तीन विभाग आहेत. तिच्याबाहेर एनएआयए ही मुख्यतः लहान कॉलेजांची संघटना आहे आणि एनजेसीएए ही दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची. आपल्याकडे ‘डिव्हिजन’ म्हटले की परीक्षेतला पहिला वर्ग, दुसरा वर्ग आठवतो, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. हे विभाग मुळात खेळाच्या दर्जावरून पाडलेले नाहीत. विद्यापीठ किती खेळांचे संघ चालवते, खेळावर किती खर्च करते, खेळाडूंना शिष्यवृत्ती देते की नाही, यावरून ते पाडले आहेत. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. तरीही एमोरी, विल्यम्स, शिकागो विद्यापीठ किंवा क्लेअरमाँट-मड-स्क्रिप्स यांचे चांगल्या वर्षातले संघ डिव्हिजन १ च्या तळाशी असलेल्या संघांना जड जातात. तिथे जाणारी मुले अभ्यासाच्या नावासाठी जातात आणि सोबत टेनिसही पक्के घेऊन येतात. एनएआयएमधल्या जॉर्जिया ग्विनेट कॉलेजने तर आपल्या संघटनेत वर्षानुवर्षे विजेतेपदांची रांग लावली आहे. विभागाचे नाव वाचून दर्जा ठरवणारा पालक म्हणूनच फसतो.

‘क्रमांक’ या शब्दाचे वजन सामन्याची रचना पाहिली की कळते. जानेवारी ते मे हा संघांच्या लढतींचा हंगाम. लढतीत आधी दुहेरीचे तीन सामने शेजारशेजारच्या कोर्टवर एकाच वेळी सुरू होतात, प्रत्येकी सहा गेमांच्या एकाच सेटचे. तीनपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण मिळतो. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. एकूण सात गुणांपैकी चार जो संघ आधी मिळवील तो जिंकला. डिव्हिजन १ मध्ये उरलेले सामने बहुधा तिथेच थांबवले जातात.

यात पहिल्या क्रमांकाच्या विजयाची किंमत आणि सहाव्या क्रमांकाच्या विजयाची किंमत सारखीच आहे. एखादा असामान्य खेळाडू संघाला एकेरीचा एक गुण देतो आणि दुहेरीच्या गुणाला हातभार लावतो. त्यापुढे त्याचे काही चालत नाही. चौथा, पाचवा आणि सहावा कच्चा असेल तर संघ हरतो. हे ओळखून असलेले कोच खालच्या तीन जागांसाठी जगभर खेळाडू धुंडाळतात, आणि त्यामुळेच डिव्हिजन १ च्या टेनिस संघांत निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी असतात. बलाढ्य संघात पहिल्या आणि सहाव्या खेळाडूत फारसे अंतर नसते. तिथला सहावा खेळाडू दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात सहज पहिला खेळला असता. संघाचा दर्जा जोखायचा तर त्या सहाव्या नावाकडे पाहावे. पहिले नाव वर्तमानपत्रात येते, पण संघाची खरी कुवत ते सांगत नाही.

दर्जा मोजायची भाषा गेल्या पंधरा-एक वर्षांत बदलली आहे. पूर्वी कोचसमोर निरनिराळ्या देशांच्या क्रमवाऱ्या असत. भारतातली अठरा वर्षांखालील विसावी मुलगी ब्राझीलच्या बाराव्या मुलीपुढे कशी ठरेल, हे अंदाजानेच ठरवावे लागे. आता युनिव्हर्सल टेनिस रेटिंग, म्हणजे यूटीआर, हा बाजारभाव झाला आहे. १ ते १६.५ असा हा अंक. मुलगा-मुलगी, वय, देश असा काही भेद त्यात नाही. जगातले अव्वल पुरुष १६ च्या आसपास असतात. गेल्या बारा महिन्यांतले जास्तीत जास्त तीस सामने धरून, समोरच्याचा अंक किती होता आणि एकूण गेमांपैकी किती गेम जिंकले, एवढ्यावर तो काढला जातो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा ‘वर्ल्ड टेनिस नंबर’ही वापरात येतो आहे, त्यात ४० पासून सुरुवात होते आणि खेळाडू सुधारेल तसा अंक १ कडे उतरत जातो.

यूटीआरचा हिशेब एका उदाहरणात पाहता येतो. १० अंकांची मुलगी ११ अंकांच्या मुलीकडून ४–६, ४–६ अशी हरली. स्पर्धेच्या तक्त्यावर ती सरळ सेटमध्ये बाद. यूटीआरच्या लेखी मात्र तिने आपल्याहून पुरा एक अंक वरच्या खेळाडूविरुद्ध वीसपैकी आठ गेम घेतले, आणि हे तिच्याकडून असलेल्या अपेक्षेपेक्षा चांगले आहे; या पराभवातून तिचा अंक वर सरकू शकतो. उलट ७ अंकांच्या मुलीला ६–४, ७–५ असे हरवून ती चषक घरी घेऊन आली, तर तो विजय अंकाला खालीच ओढतो. आपल्याकडच्या क्रमवारीत फेरीमागे गुण मिळतात, म्हणून सोप्या स्पर्धा शोधत गावोगाव फिरण्याची सवय काही कुटुंबांना लागते. यूटीआरमध्ये त्या फिरण्याचे पैसे वाया जातात. १–५ मागे पडल्यावर सेट सोडून देण्याची सवयही इथे महाग पडते, कारण हरलेल्या सेटमधला प्रत्येक गेम मोजला जातो.

आता ढोबळ आकडे. पुरुषांत डिव्हिजन १ च्या पहिल्या वीस-पंचवीस संघांत एकेरीत उतरायचे तर यूटीआर साडेबारा-तेराच्या पुढे लागतो. पहिल्या क्रमांकावरचे खेळाडू साडेतेरा-चौदापर्यंत जातात. ज्युनियर गटाच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेली मुले याच संघांकडे वळतात. डिव्हिजन १ च्या मधल्या फळीत ११ ते साडेबारा, तळाच्या संघांत १० ते ११ चालतो. महिलांमध्ये वरच्या संघांत १० च्या पुढे, मधल्या फळीत साडेआठ ते साडेनऊ, तळाला साडेसात-आठ. डिव्हिजन २ च्या वरच्या संघांचे आकडे डिव्हिजन १ च्या मधल्या फळीला जाऊन भिडतात. डिव्हिजन ३ मध्ये पट्टा सर्वांत रुंद आहे: वरच्या पुरुष संघांत ११–१२, खालच्या संघांत ६–७ देखील. महिलांमध्ये वर ८–९ आणि खाली ४–५. म्हणजे साडेसहाच्या मुलालाही अमेरिकेत कॉलेजसाठी खेळता येते. फक्त त्या खेळापायी कोणी त्याची फी भरणार नाही.

हा अंक कोर्टवर कसा दिसतो? बारा-तेराच्या मुलाची पहिली सर्व्हिस ताशी १८० ते २०० किलोमीटर जाते, पण नुसत्या वेगावर भुलण्यात अर्थ नाही; दहाच्या मुलालाही तेवढा वेग अधूनमधून साधतो. फरक कळतो तो दुसऱ्या सर्व्हिसवर. दहाचा मुलगा डबल फॉल्टच्या धास्तीने चेंडू नुसता पलीकडे सोडतो, तो सर्व्हिस बॉक्सच्या मध्यावर पडून कमरेच्या उंचीला येतो आणि समोरचा पुढे सरसावून त्याच्यावर तुटून पडतो. तेराच्या मुलाची दुसरी सर्व्हिस टप्पा पडल्यावर खांद्याच्या वर उसळते आणि बाहेर पळते. तिच्यावर हल्ला करता येत नाही. ३०–४० असतानाही ती तशीच पडते.

फटक्यांचेही असेच आहे. सरावात सुंदर फोरहँड मारणारी मुले भरपूर आहेत. समोरच्याने कोपऱ्यात ओढत नेल्यावर, तोल गेलेला असताना मारलेला चेंडू बेसलाइनच्या हातभर आत पडतो की सर्व्हिस लाइनवर, यावर दर्जा ठरतो. वरच्या संघांतल्या खेळाडूच्या खेळात ‘इथे मारा’ असे भगदाड राहिलेले नसते. एखाद्याचा बॅकहँड उतरता असेल तर दोन-तीन गेममध्ये समोरच्याला ते कळते आणि मग पूर्ण सामना त्याच बाजूला खेळला जातो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. आपल्याकडे अजूनही कित्येक मुले मातीच्या कोर्टवर शिकतात. अमेरिकी कॉलेजात जवळपास सगळा हंगाम हार्ड कोर्टवर असतो, आणि उत्तरेकडच्या राज्यांत जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडत असल्याने बंदिस्त सभागृहात. तिथे वारा नाही, ऊन नाही, चेंडू खाली राहतो आणि झटकन येतो. रॅकेट लांब मागे नेऊन फटका मारायची सवय असलेल्यांना पहिल्या वर्षी चेंडू सारखा उशिरा सापडतो.

दुहेरीकडे आपल्या ज्युनियर गटात दुर्लक्ष होते. कॉलेजचा कोच तसे करू शकत नाही, कारण दुहेरीचा गुण मिळाला की एकेरीच्या सहांपैकी तीन जिंकले तरी पुरते. सहा गेमांच्या त्या सेटमध्ये एकदा सर्व्हिस गमावली की सावरायला वेळ नसतो. नेटजवळ उभे राहण्याची भीती नसलेला, पायाशी परतीचा चेंडू टाकू शकणारा आणि व्हॉली मधोमध दाबणारा खेळाडू एकेरीत आठवा असला तरी दुहेरीत संघात बसतो. बाकावर बसून राहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

कॉलेजच्या लढतीतले वातावरण हाही दर्जाचाच भाग मानावा लागतो. ज्युनियर स्पर्धेत कोर्टभोवती दोन पालक आणि एक कोच असतो. इथे सहा कोर्ट एकमेकांना चिकटून, शेजारच्या कोर्टवरून आपलाच सहकारी गुण जिंकून ओरडतो आहे, कुंपणापलीकडे विद्यार्थी घसा ताणून नावाने हाका मारताहेत, आणि कोच गेमच्या मधे येऊन कानाशी सूचना देतो आहे. चेंडू आत की बाहेर हे बहुतेक वेळा खेळाडूंनी स्वतःच सांगायचे असते, पंच फार तर ते फिरवतो. त्यामुळे भांडणेही होतात. डिव्हिजन १ च्या पुरुषांत सर्व्हिस नेटला लागून आत पडली तरी खेळ थांबत नाही. ४०–४० झाले की अॅडव्हान्टेज नाही, एकाच गुणावर गेम संपतो, आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची ते परतवणारा ठरवतो.

लढत ३–३ अशी बरोबरीत आली की बाकीचे पाच जण, दोन्ही बाक आणि सगळे प्रेक्षक उरलेल्या एका कोर्टभोवती गोळा होतात. ते कोर्ट बऱ्याचदा पाचव्या-सहाव्या क्रमांकाचेच असते. तिसरा सेट, ४०–४०, समोरच्याने बॅकहँडची बाजू निवडलेली, पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेलेली. वर सांगितलेल्या दुसऱ्या सर्व्हिसची परीक्षा इथे होते, आणि कोच नवा खेळाडू निवडताना त्याला याच जागी उभा करून पाहत असतो.

शरीराची तयारी वेगळी सांगायला हवी, कारण आपल्याकडची गुणी मुले इथे उघडी पडतात. अठराव्या वर्षी गेलेल्या मुलासमोर बावीस-तेवीस वर्षांचा, चार वर्षे व्यायामशाळेत घालवलेला गडी उभा राहतो. नियमाने हंगामात संघाचा सक्तीचा सराव आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावी लागते. प्रवास, शारीरिक उपचार आणि स्वतःहून केलेला सराव त्यात धरलेला नसतो. वर्ग, प्रयोगशाळा आणि परीक्षा तर आहेतच.

शिखरावरचा दर्जा किती होता हे सांगायला भारतीय उदाहरण हाताशी आहे. २००७ च्या आंतरविद्यापीठ अंतिम सामन्यात व्हर्जिनियाच्या सोमदेव देववर्मनने जॉर्जियाच्या जॉन इस्नरला त्याच्याच विद्यापीठाच्या अथेन्स गावात तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवले. हरलेला इस्नर त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या एटीपी स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला. सोमदेवने २००८ मध्ये ४४ सामने जिंकले, एकच हरला आणि विजेतेपद राखले. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने एकेरीचे सुवर्ण मिळवले आणि दुहेरीचेही, व्हर्जिनियाच्याच सनम सिंगच्या जोडीने. त्याआधी १९९५ मध्ये महेश भूपतीने मिसिसिपी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ दुहेरी जिंकली होती. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि पुढे दुहेरीत एटीपी विजेता झाला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये खेळून परतली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेऊन आली. ही नावे प्रेरणेला ठीक आहेत. मोजपट्टी म्हणून ती वापरली तर शंभरातले नव्याण्णव निराश होतील, आणि विनाकारण.

पैशाचा हिशेब दर्जाला थेट जोडलेला आहे. २०२५ पर्यंत डिव्हिजन १ मध्ये पुरुषांच्या संघाला साडेचार आणि महिलांच्या संघाला आठ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. साडेचारांचे तुकडे करून आठ-दहा मुलांत वाटत. महिलांच्या आठ जागा बहुधा पूर्ण शिष्यवृत्तीच्या असत. या तफावतीमागे १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघावर ८५ शिष्यवृत्त्या जात, मग स्त्री-पुरुष समतोल साधायला बाकीच्या खेळांत महिलांना अधिक द्याव्या लागत. त्यामुळे मधल्या दर्जाच्या मुलीला जेवढी मदत मिळे, तेवढी तोलामोलाच्या मुलाला मिळत नसे. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त दहा खेळाडू असा नियम आला. कागदावर आता दहाही जणांची पूर्ण फी देता येते. प्रत्यक्षात त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा दिली. तो पैसा मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलकडे वळतो, आणि काही विद्यापीठांनी टेनिसचे संघच बंद केले. पूर्वी अकरावा-बारावा म्हणून संघात राहणाऱ्या मुलाची जागाही दहाच्या नियमात गेली. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसतेच. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नावरून मदत ठरते.

खेळ पुरेसा असून गाडी अडते ती कागदांवर. डिव्हिजन १ साठी नववी ते बारावीत ठरावीक १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ सरासरी लागते. टेनिससाठी शाळा सोडून बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलांनी हे विषय नववीतच मोजून घ्यावेत. बारावीत कळले तर काही करता येत नाही. आजवरच्या नियमानुसार शाळा संपल्यावर साधारण सहा महिन्यांत प्रवेश घ्यावा लागतो. ‘दोन वर्षे व्यावसायिक स्पर्धा खेळून पाहू, मग कॉलेज’ असे ठरवणाऱ्याची खेळण्याची वर्षे कापली जाऊ शकतात. बक्षिसाच्या पैशांचे नियम सध्या बदलत आहेत, म्हणून रक्कम स्वीकारण्याआधी चालू वर्षाचा नियम वाचलेला बरा. डिव्हिजन १ चा कोच दहावीनंतरच्या १५ जूनपासून खेळाडूशी थेट बोलू शकतो. खेळाडूने आधी पत्र पाठवायला मात्र कधीच बंदी नाही.

त्या पत्रात कोचला फार काही नको असते: यूटीआर, शाळेचे गुण, कोणत्या वर्षी बारावी, आणि खेळाची चित्रफीत. चित्रफितीला संगीत लावून निवडक विजयी फटके जोडणाऱ्या कंपन्यांना पैसे देण्यात मतलब नाही. बेसलाइनच्या मागे, जरा उंचावर कॅमेरा ठेवून घेतलेले पंधरा-वीस मिनिटांचे सलग गेम, हरलेल्या गुणांसकट, कोचला जास्त सांगून जातात. हरल्यावर मुलगा कसा चालतो हेही त्यात दिसते. पन्नास विद्यापीठांना एकच मजकूर धाडण्यापेक्षा दहा संघ नीट निवडावेत. प्रत्येक संघाच्या संकेतस्थळावर हंगामातल्या लढतींचे निकाल क्रमांकासह असतात. तिथे सहाव्या क्रमांकावर नियमित कोण खेळतो ते पाहावे, त्याचा यूटीआर शोधावा, आणि त्याच्यासमोर आपला अंक लिहावा.